फाईल वाचणारा मुख्यमंत्री आणि जालन्याचा दुष्काळ

संयोजकांनी फोनवर विषय सांगितला तेव्हा मी जरा दचकलोच. 'अभियंता ते राष्ट्रीय नेता' असा विषय, आणि व्याख्यान जालन्यात. म्हटलं, आपल्या जालन्याने दिल्लीला बरेच खासदार दिले. रावसाहेब दानवे पाच वेळा निवडून गेले, रेल्वे राज्यमंत्री झाले. आज डॉ. कल्याण काळे आहेत. पण इंजिनिअर? दानवेंचे वरिष्ठ मंत्री अश्विनी वैष्णव इंजिनिअर, आयआयटीतले. पण ते काही आपले नव्हेत. (हशा)

मग विचार करताना लक्षात आलं की एका इंजिनिअरची आणि आपली गाठ चांगलीच पडलेली आहे. तो जालन्याचा नाही, कऱ्हाडचा. पण त्याच्या कारकिर्दीची खरी परीक्षा ज्या वर्षी झाली, त्या वर्षी आपण सगळे दारात ड्रम मांडून टँकरची वाट बघत होतो. पृथ्वीराज चव्हाण. ११ नोव्हेंबर २०१० ते २६ सप्टेंबर २०१४, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. त्याआधी सहा वर्षं दिल्लीत पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री. आणि त्याही आधी, हे पुष्कळांना ठाऊक नसतं, अमेरिकेत पाणबुडीविरोधी युद्धाची उपकरणं तयार करणारे अभियंता.

मी इतिहासाचा माणूस आहे, पक्षाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मध्यंतरात कोणीतरी कोपऱ्यात गाठून विचारतं, सर, तुम्ही नक्की कुणाचे?

सुरुवात घरापासून करू. जन्म १७ मार्च १९४६, इंदूरचा. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, पाटण तालुक्यातलं कुंभारगाव. वडील आनंदराव ऊर्फ दाजीसाहेब चव्हाण १९५७ पासून १९७३ पर्यंत कऱ्हाडचे खासदार, केंद्रात मंत्री. वडील गेल्यावर आई प्रेमलाकाकी लोकसभेवर गेल्या, पुढेही अनेकदा निवडून आल्या, राज्यात काँग्रेसच्या अध्यक्षही झाल्या. इथे एक गैरसमज दूर करतो, कारण विद्यार्थी परीक्षेत नेमके चुकतात. यशवंतराव चव्हाणही कऱ्हाडचेच, पण ते कुटुंब वेगळं. आडनाव एक आणि गाव एक म्हणून घर एक होत नाही. आणि आपले शंकरराव चव्हाण पैठणचे, ते तर तिसरेच. चव्हाण आडनावाचे चार मुख्यमंत्री या राज्याने पाहिले, त्यात बापलेकाची जोडी एकच.

तर मुलगा कऱ्हाडला नगरपालिकेच्या शाळेत शिकला, मग दिल्लीत नूतन मराठी शाळेत. तिथून बिट्स पिलानी, यांत्रिक अभियांत्रिकी. मग युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर जर्मनी. मग अमेरिका, कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कले, तिथे पदव्युत्तर शिक्षण. साठचं दशक संपत आलेलं, बर्कलेत विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रस्त्यावर. आणि हा मराठी मुलगा शिक्षण संपवून विमानांच्या उपकरणांच्या कामात शिरला. पाण्याखालचा आवाज टिपायचा, नोंदवायचा, त्यातून पाणबुडी कुठली आणि माशांचा थवा कुठला हे ओळखायचं, अशा यंत्रणांशी संबंधित काम. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. गोंगाटातून खरी खूण वेगळी काढणं हा ज्याचा तारुण्यातला धंदा होता, तो माणूस पुढे मंत्रालयात बसला. तिथे गोंगाटाला काय तोटा!

१९७४ मध्ये ते परत आले. वडील आदल्या वर्षी गेलेले. लगेच राजकारणात नाही आले. उद्योगात पडले, भारतीय भाषांच्या संगणकीकरणात लक्ष घातलं. आज आपण मोबाइलवर अंगठ्याने मराठी लिहितो, तेव्हा संगणकावर देवनागरीचं एक जोडाक्षर उमटवणं हीसुद्धा अभियांत्रिकीची समस्या होती. ऐंशीच्या दशकात राजीव गांधींना असलीच माणसं हवी होती, संगणक कळणारी, परदेशात शिकलेली, फाईलवरची धूळ झटकणारी. त्यांनीच चव्हाणांना राजकारणाकडे ओढलं. १९९१ ची निवडणूक आली, ऐन प्रचारात राजीव गांधींची हत्या झाली, आणि चव्हाण कऱ्हाडमधून पहिल्यांदा लोकसभेवर गेले, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. १९९६ ला पुन्हा, १९९८ ला पुन्हा. १९९९ ला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली आणि त्यांच्यासमोर उभे राहिले श्रीनिवास पाटील, निवृत्त सनदी अधिकारी, शरद पवारांचे जुने मित्र. चव्हाण पडले.

आता या पडण्यातून काय दिसतं? श्रीनिवास पाटील हेही शिकलेले, सरकारी फायलींत आयुष्य काढलेले. पण त्यांचा गप्पांचा फड कऱ्हाडच्या कुठल्याही पारावर जमायचा. चव्हाणांचा तसा जमत नसे. आईवडिलांची पुण्याई होती, दिल्लीची ओळख होती, पण खांद्यावर हात टाकून बोलणं हा स्वभाव नव्हता. २००२ मध्ये ते राज्यसभेवर गेले आणि २००४ मध्ये मनमोहन सिंग पंतप्रधान झाल्यावर पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री. इथे मात्र माणूस आणि काम यांचा सांधा नीट जुळला. पंतप्रधान स्वतः अर्थतज्ज्ञ, कमी बोलणारे, कागद वाचणारे. त्यांच्या हाताखाली कागद वाचणारा इंजिनिअर.

२००९ नंतर विज्ञान-तंत्रज्ञान आणि भूविज्ञान ही खातीही त्यांच्याकडे आली. ७ मे २०१० रोजी त्यांनी लोकसभेत अणुदायित्वाचं विधेयक मांडलं. विषय असा, की अणुभट्टीत अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची? भोपाळच्या वायुगळतीची जखम देशाच्या मनात ताजी होती. आधीच्या मसुद्यात भट्टी चालवणाऱ्यावरची मर्यादा ५०० कोटी होती, विरोध झाला, ती १५०० कोटींवर नेली, आणि यंत्रं पुरवणाऱ्यालाही जबाबदार धरण्याची वाट ठेवली. ऑगस्टमध्ये कायदा मंजूर झाला. तीन महिन्यांत 'आदर्श' प्रकरणात अशोक चव्हाणांना जावं लागलं, आणि दिल्लीतून पृथ्वीराज चव्हाण मुंबईत आले.

गंमत बघा. दिल्लीत ज्या अणुऊर्जेचा कायदा केला, तीच मुंबईत दारात उभी. जैतापूरला १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमा घडलं. एप्रिलमध्ये साखरी नाट्याला आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मेला. इंजिनिअर म्हणत होता की धोक्याचं गणित मांडू या. मच्छीमार म्हणत होता की गणित तुमचं, समुद्र आमचा. मी दोघांनाही खोटं म्हणत नाही. पण चव्हाणांच्या पुढच्या साडेतीन वर्षांतला ताण इथेच पहिल्यांदा दिसतो.

मुंबईतली परिस्थितीही सांगायला हवी, नाहीतर न्याय होणार नाही. सरकार आघाडीचं. अर्थ खातं राष्ट्रवादीकडे, जलसंपदा राष्ट्रवादीकडे. मुख्यमंत्र्यांचं स्वतःचं असं आमदारांचं बळ नाही, ते आमदारसुद्धा नव्हते, नंतर विधान परिषदेवर आले. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून राज्य सहकारी बँकेवर प्रशासक बसले, संचालक मंडळ गेलं. मित्रपक्ष चिडला. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या बांधकाम नियमावलीत बदल झाला. आधी बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे, सजावटीचे कोनाडे हे सगळं चटईक्षेत्रात धरायचं की सोडायचं हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. आता ते मोजणीत आलं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्या शहरात चौरस फुटाला सोन्याचा भाव, तिथे मर्जीच्या जागी मोजपट्टी आणली की किती लोकांचं पोट दुखत असेल, कल्पना करा.

आणि मग ती प्रसिद्ध तक्रार, की मुख्यमंत्री फायलींवर सह्याच करत नाहीत. २०१३ मध्ये खुद्द शरद पवारांनी सही करताना हाताला लकवा होतो की काय, अशा अर्थाचा टोला मारला आणि तो राज्यभर गाजला. चव्हाणांचे समर्थक म्हणायचे, ते प्रत्येक कागद वाचतात म्हणून वेळ लागतो. दोन्ही बाजूंत तथ्य असावं. वाचणारा माणूस हळू सही करतो. पण हळू सही करणारा प्रत्येक माणूस वाचतोच असंही नाही. (हशा) माझं मत म्हणाल तर, त्यांनी काही फायली योग्य कारणाने रोखल्या, आणि काही निव्वळ निर्णयाचं धाडस न झाल्याने रखडल्या.

आता येऊ पाण्याकडे, म्हणजे आपल्याकडे.

राज्य सरकार दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी आर्थिक पाहणी अहवाल काढतं. जाडजूड, कंटाळवाणं पुस्तक, कोणी फारसं उघडत नाही. २०११-१२ च्या पाहणीत एक तक्ता होता. एकूण पिकाखालच्या क्षेत्रापैकी किती क्षेत्र भिजतं, त्याची टक्केवारी. २०००-०१ साली १७.८ टक्के. २००९-१० साली १७.९ टक्के. दहा वर्षांत वाढ किती? ०.१ टक्का. आणि याच काळात सिंचनावर खर्च झाले सुमारे ७० हजार कोटी रुपये.

हा आकडा मुख्यमंत्र्यांनी स्वतः जाहीरपणे बोलून दाखवला आणि श्वेतपत्रिका काढू म्हणाले. २०१२ चा उन्हाळा होता. त्याच सुमारास जलसंपदा खात्यातलेच एक मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी प्रकल्पांच्या वाढवलेल्या किमती आणि निकृष्ट कामं यांबद्दल वरिष्ठांना पत्रं लिहिली होती, तीही बाहेर आली. म्हणजे प्रश्न विचारणारा इंजिनिअर, साक्ष देणारा इंजिनिअर, आणि ज्यांच्या कामावर शंका तेही इंजिनिअरच. पांढरे पुढे २०१४ मध्ये नाशिकमधून आम आदमी पक्षातर्फे लोकसभेला उभे राहिले, पडले. त्यांचे नेते केजरीवाल, तेही खरगपूर आयआयटीचे यांत्रिक अभियंता. या विषयावरचं एक वेगळं व्याख्यानच होईल.

२५ सप्टेंबर २०१२ रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. दशकातला बराच काळ जलसंपदा खातं त्यांच्याकडे होतं. त्यांनी आरोप नाकारले, चौकशीला सामोरं जाऊ म्हणाले. नोव्हेंबरच्या अखेरीस श्वेतपत्रिका आली, ७ डिसेंबरला ते पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. पुढची कोर्टकचेरी हा आजचा विषय नाही.

आजचा विषय तो आकडा आहे. तो जरा उलगडून बघू, कारण त्यावेळी चहाच्या टपरीवरही त्याची चर्चा होती आणि बहुतेकांना तो अर्धाच कळला होता. ०.१ टक्का म्हणजे ७० हजार कोटींत काहीच झालं नाही, असा त्याचा सरळ अर्थ होत नाही. ही टक्केवारी कशी निघते? तलाठी पीकपाहणी करतो, कुठे ओलीत, कुठे जिरायत, ते लिहितो. त्याची बेरीज वर जाते. त्यात विहिरीवर भिजणारं रानही येतं. दुसरीकडे जलसंपदा खातं जी 'सिंचन क्षमता' सांगतं, ती धरण भरलं, कालवा नीट वाहिला आणि ठरलेली पिकं घेतली तर किती भिजेल, याचा हिशोब असतो. एक प्रत्यक्षातलं, एक कागदावरचं. श्वेतपत्रिकेने काय केलं, तर क्षमतेचा आकडा पुढे केला आणि सिंचन ५.१७ टक्क्यांनी वाढलं असं मांडलं.

आणि इथे मला चव्हाणांचा दोष दिसतो. श्वेतपत्रिका तयार कोणी केली? जलसंपदा खात्याने. ज्याने खर्च केला त्यालाच विचारलं की बाबा, खर्च नीट झाला का? यंत्रशाळेतला शिकाऊ पोरगासुद्धा सांगेल की ज्याने सुटा भाग घडवला त्याच्याच हाती तपासणीचं माप द्यायचं नाही. हे चव्हाणांना कळत नव्हतं असं नाही. खातं मित्रपक्षाचं, सरकार मित्रपक्षावर उभं. प्रश्न विचारायची ताकद होती, उत्तर कोण लिहील हे ठरवायची नव्हती.

म्हणून मग ओरड झाल्यावर डिसेंबर २०१२ च्या शेवटी चौकशी समिती नेमली, अध्यक्ष माधवराव चितळे. चितळे म्हणजे केंद्रात जलसंसाधन सचिव राहिलेले, १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले अभियंता, औरंगाबादला राहणारे, आपल्या भागाचं पाणी कोळून प्यायलेले. १९९९ मध्ये राज्याच्या जल व सिंचन आयोगाचा अहवाल त्यांनीच दिला होता. समितीचा अहवाल २०१४ मध्ये आला. पण तोवर निवडणुकीचे नगारे वाजत होते. आणि तो तक्ता? पुढच्या अनेक वर्षांच्या आर्थिक पाहणीत त्या रकान्यात आकडाच छापला गेला नाही. 'उपलब्ध नाही.' चाळीस वर्षं इतिहास शिकवतोय, पण आकडा असा भूमिगत झालेला क्वचितच पाहिला.

हे सगळं मुंबईत चाललेलं असताना जालन्यात काय होतं?

२०११ चा पाऊस कमी, २०१२ चा त्याहून कमी. घाणेवाडीचा तलाव, निजामाच्या काळापासून या शहराला पाणी पाजणारा, तळ दाखवत होता. कुंडलिका नदी म्हणायची ती नावापुरती. पैठणला जायकवाडीचा जिवंत साठा जवळजवळ संपला, मृतसाठ्यातून पाणी उपसून पिण्यासाठी द्यावं लागलं. अंबड, बदनापूर, घनसावंगी या पट्ट्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मोसंबीचं झाड म्हणजे काही कपाशी नव्हे, की यंदा गेलं तर पुढच्या वर्षी लावू. फळ धरायलाच पाच-सहा वर्षं लागतात. लोकांनी टँकरने पाणी विकत घेऊन बागा जगवल्या, ज्यांना जमलं नाही त्यांनी कुऱ्हाड लावली. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने बाग तोडणं मी पाहिलंय. तो बोलत नाही. सरपण म्हणून ट्रॅक्टर भरून पाठवतो आणि बांधावर बसून राहतो.

इथे बसलेल्या ज्येष्ठांना बहात्तर आठवत असेल. तेव्हा जालना जिल्हाही नव्हता, आपण औरंगाबादेत होतो, जिल्हा झाला १ मे १९८१ ला. बहात्तरला धान्य नव्हतं, काम नव्हतं, लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली. पण विहिरीत पाणी होतं. २०१३ ला दुकानात धान्य होतं, विहिरीत पाणी नव्हतं. मधल्या चाळीस वर्षांत आपण बोअर घेत घेत खाली गेलो. चव्हाणांनी हा दुष्काळ बहात्तरपेक्षा भीषण म्हटला तेव्हा काहींना ते राजकीय वाटलं. पाण्यापुरतं बोलायचं तर ते खरं होतं.

आता त्या ०.१ टक्क्याला जालन्याच्या जमिनीवर आणू. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. तो अंबड, घनसावंगी, परतूर करत परभणीकडे जातो. या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये केली, लोकार्पण इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये. शंकरराव चव्हाणांचा ध्यास होता तो. कागदावर पहा, घनसावंगीची कितीतरी जमीन 'लाभक्षेत्रात'. प्रत्यक्षात शेतकरी नमुना नंबर ७ चा अर्ज भरून पाणीपाळीची वाट बघतो. वरच्या बाजूला ऊस, चाऱ्या फुटलेल्या, कालव्याला गळती, टेलचा माणूस कोरडाच. आणि मुळात धरणच भरत नाही, कारण वर नाशिक-नगरमध्ये धरणांची माळ. म्हणजे क्षमता आहे, पाणी नाही. तिकडे लोअर दुधनासारखा प्रकल्प पिढ्यान्पिढ्या रखडलेला, किंमत मात्र दरवर्षी वाढणारी. त्या तक्त्यातला आकडा म्हणजे हेच सगळं, गावागावातून गोळा झालेलं.

एक अपवाद सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपलं कडवंची. शहरापासून जवळ, पाऊस तेवढाच पडलेला. पण तिथे १९९६ पासून पाणलोटाचं काम झालं होतं, विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, मग शेततळी, मग द्राक्षं. २०१२-१३ मध्ये शेजारची गावं टँकरवर आणि कडवंचीत द्राक्षबागा हिरव्या. मोठं धरण नाही, हजार कोटी नाहीत. हेही अभियांत्रिकीच आहे, फक्त त्याचं टेंडर मोठं निघत नाही. (टाळ्या)

चव्हाणांना हे उमगलं होतं असं म्हणायला जागा आहे. दुष्काळात त्यांनी ओढ्या-नाल्यांवर साखळी सिमेंट बंधाऱ्यांचा कार्यक्रम हाती घेतला, भूजल खालावलेल्या तालुक्यांत आधी. पुढच्या सरकारने जलयुक्त शिवार आणलं ते त्याच वाटेने मोठ्या गाजावाजात. चव्हाणांना गाजावाजा करता आला नाही. अमेरिकेचे हर्बर्ट हूव्हर आठवतात मला. खाणीचे इंजिनिअर, पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला धान्य पोचवणारे, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरात मदतीचं काम उत्तम हाताळणारे. त्या जोरावर अध्यक्ष झाले. महामंदी आली, १९३२ मध्ये लोकांनी घरी बसवलं. संकटात लोकांना हिशोबाबरोबर जवळ येऊन उभा राहिलेला माणूसही हवा असतो. चव्हाणांना तो अवघड गेला.

पण मला आज एक गोष्ट मुद्दाम नोंदवायची आहे, जी त्यांच्या खात्यावर फारशी कोणी मांडत नाही.

जायकवाडीचं वरच्या धरणांतून येणारं पाणी. २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम होतं, पण ते कागदावर. मराठवाड्यातली माणसं, संघटना कोर्टात गेल्या. त्या दुष्काळात वरून पाणी सोडावं लागलं, नगरमध्ये विरोध झाला, पोलीस बंदोबस्तात पाणी खाली आलं, वाटेत किती जिरलं ते गोदामाईलाच ठाऊक. दर वेळी हे असं भांडून होणार का? हिरालाल मेंढेगिरी, तेही अभियंता, त्यांच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. सूत्र असं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल, तर वरच्या धरणांनी ठरल्या हिशोबाने पाणी सोडायचं. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी त्या धर्तीवर आदेश दिला. बरोबर सात दिवसांनी चव्हाणांनी राजीनामा दिला, राष्ट्रवादीने पाठिंबा काढून घेतला होता. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. २०१५, २०१८, २०२३, या वर्षांत वरून पाणी आलं ते या सूत्राच्या आधाराने.

याचं श्रेय एकट्या मुख्यमंत्र्यांचं नाही. ते कोर्टात गेलेल्यांचं, त्या समितीचं, प्राधिकरणाचं. पण दुष्काळातल्या भांडणाला आकडा आणि तारीख दिली गेली ती या कारकिर्दीत. आणि इथे श्वेतपत्रिकेपेक्षा वेगळं काय घडलं ते पाहा. मोजमाप खात्याच्या हातात राहिलं नाही. आदेश स्वतंत्र प्राधिकरणाचा, त्याच्यावर कोर्टाची नजर. त्यामुळे मुख्यमंत्री गेले, सरकार गेलं, आकडा टिकला.

पुढचं थोडक्यात. ऑक्टोबर २०१४ मध्ये काँग्रेस ४२ जागांवर आली. चव्हाण स्वतः कऱ्हाड दक्षिणमधून निवडून आले, २०१९ लाही आले, २०२४ ला अतुल भोसले यांच्याकडून पडले. जादूटोणाविरोधी कायदा, डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर दुसऱ्याच दिवशी अध्यादेशाचा निर्णय, तोही त्यांच्याच काळातला, त्यावर कधीतरी सविस्तर बोलू. वेळ झाली आहे, संयोजक घड्याळ दाखवतायत. काही प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांमधून: सर, तुम्ही म्हणता सूत्र टिकलं. पण आमच्या घनसावंगीच्या टेलला अजून पाणी येत नाही. मग ६५ टक्क्यांचा उपयोग काय?)

बरोबर आहे तुमचं. ६५ टक्क्यांचं सूत्र पैठणच्या भिंतीपर्यंत आहे. पैठणपासून तुमच्या चारीपर्यंतच्या पाण्यासाठी असं सूत्र कोणी लिहिलेलं नाही. तिथे अजून पाटकरी आणि वरच्या अंगाचा ऊसवाला ठरवतो. तुम्ही पाणीवापर संस्था केली आहे का गावात?

(श्रोत्यांमधून: केली होती. कागदावर आहे.)

कागदावर आहे. (हशा) नाही, हसण्यासारखं नाही खरं तर. किती एकर आहे तुमच्या चारीवर? आपण बाहेर बोलू, मला लिहून घ्यायचं आहे. आणि मागच्या रांगेतल्या काकांचा हात वर आहे केव्हाचा, त्यांना माईक द्या.

(श्रोत्यांमधून: मला प्रश्न नाही. बहात्तरला सगळ्याच विहिरींना पाणी होतं म्हणालात, तसं नव्हतं. आमच्या मंठ्याकडे विहिरीही आटल्या होत्या, पोहरा दोन दोन तास भरायचा नाही.)

मान्य, काका. मी सरसकट बोललो. दुरुस्ती करून घेतो, आणि लिखित रूप देताना तुमचं म्हणणं तसंच राहू दे असं संयोजकांना सांगतो.